पॉइंट, प्लग, पेट्रोल : जुन्या गाडीच्या इंजिनाचे निदान आणि एका विद्येचा इतिहास

१.
३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली होती आणि शहरातील टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची आहे. वृत्तपत्रांनी काळ्या-पिवळ्या रंगाला, चित्रपटांतील दृश्यांना आणि टपावरच्या कॅरिअरला निरोप दिला. पण त्या गाडीबरोबर एक विद्याही उताराला लागली : इंजिन सुरू का होत नाही आणि सुरू झालेच तर ते का थरथरते, हे कान, हात आणि चार-दोन हत्यारे यांच्या बळावर ओळखण्याची विद्या. हा धागा तिच्या इतिहासाविषयी.

२.
आरंभी एक सूत्र ध्यानात ठेवावे. पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात : हवा, योग्य प्रमाणात इंधन, योग्य क्षणी ठिणगी आणि मिश्रण दाबून धरणारा बंदिस्त सिलिंडर, म्हणजेच कॉम्प्रेशन. शिवाय पहिले काही फेरे बाहेरून कोणीतरी द्यावे लागतात. सुरू न होणाऱ्या किंवा अडखळत चालणाऱ्या प्रत्येक इंजिनात यांपैकी काहीतरी उणे असते. तपासायच्या गोष्टी गेली सव्वाशे वर्षे त्याच आहेत. बदलत गेले ते एवढेच, की त्या तपासायच्या कोणी.

३.
मोटारीच्या बिघाडाचे पहिले प्रसिद्ध निदान एका स्त्रीने केले. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिशार्ट यांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. पती कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीने एवढा लांबचा प्रवास तोवर केलाच नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण गेले, तेव्हा मोज्याच्या पट्ट्याने ती झाकली. इंधन म्हणून लागणारे लिग्रोइन त्यांनी वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले.

४.
ही कथा पुष्कळदा धाडसाची म्हणून सांगितली जाते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील विचारक्रम अधिक मोलाचा आहे. गाडी थांबल्यावर पहिला प्रश्न असा, की इंधन पोहोचते आहे का? दुसरा असा, की वीज जागच्या जागी आहे का? ना मापक, ना गॅरेज, ना छापील पुस्तक. तरीही दोष इंधनाचा की विजेचा, ही पहिली फाळणी तेथे झालेली दिसते. पुढे जगभरच्या गॅरेजांत जे शिकवले गेले, त्याचे बीज हेच.

५.
त्यानंतरचा काळ हँडलचा. इंजिनाच्या पुढच्या बाजूने लोखंडी दांडा घालून ते हाताने फिरवावे लागे. या कामात हात हेच मापयंत्र होते. प्रत्येक सिलिंडर दाबाखाली आला की दांडा अडतो, मग सुटतो. चार वेळा सारखाच अडला तर चारही सिलिंडर ठीक. एकदा मऊ लागला तर त्या सिलिंडरचा दाब गळतो आहे : झडप जळली असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. इंजिन सुरू होण्याआधीच ते सुरू का होणार नाही, हे मनगटाला कळत असे.

६.
त्या मनगटाला किंमतही मोजावी लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि दांडा हातावर येतो. अंगठ्याजवळच्या बाजूला मनगटाचे हाड मोडण्याच्या एका प्रकाराला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते यावरूनच. अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि ठिणगीची वेळ आधी मागे घ्यावी, हे चालकाचे पहिले धडे होते. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थही ‘तापवणारा’, भट्टी सांभाळणारा असा आहे. गाडी चालवणारा आणि गाडी जाणणारा हे तेव्हा दोन वेगळे पुरुष नव्हते.

७.
ही स्थिती पालटली अमेरिकेतील डेटन शहरात. चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि कॉन्टॅक्ट पॉइंट यांवर चालणारी प्रज्वलन-व्यवस्था उभारली, ती १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत बसली. पाठोपाठ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, ज्याला आपल्याकडे नुसते ‘सेल्फ’ म्हणतात. फोर्डच्या मॉडेल टीला तो १९१९ मध्ये मिळाला. मनगटाचे बळ ही मोटार चालवण्याची अट राहिली नाही आणि मोटारीचे दार अनेकांना उघडले. मात्र त्याच वेळी हाताला मिळणारी ती पहिली खबर बंद झाली आणि संशयितांच्या यादीत बॅटरी अग्रस्थानी आली.

८.
केटरिंग यांची ही रचना पुढे सहा दशकांहून अधिक काळ जगभर टिकली, म्हणून ती समजून घ्यावी. बॅटरीची वीज कॉइलमधून वाहते. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडताच ती खंडित होते आणि त्या खंडामुळेच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. फिरता रोटर तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगला देतो. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी उडून ते जळू नयेत, म्हणून शेजारी छोटा कंडेन्सर असतो. पॉइंटमधील फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गाडी सुरू होण्या-न होण्याचा निम्मा इतिहास या फटीत दडला आहे.

९.
याच केटरिंग यांच्या वाट्याला एक गाजलेले चुकीचे निदानही आले. इंजिनातून खणखणाट ऐकू येऊ लागला, त्याला ‘नॉक’ म्हणतात. टीकाकारांनी दोष नव्या बॅटरी-प्रज्वलनावर ठेवला. केटरिंग यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी सिलिंडरमधील दाबाचा मागोवा घेतला, तेव्हा दोष ठिणगीचा नसून इंधनाचा असल्याचे दिसून आले. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना त्यावर उतारा सापडला : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग. निदान अचूक होते, औषध विषारी. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे रसायन बनवताना विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही शिसे पेट्रोलमध्ये राहिले आणि ते भारतातही आले.

१०.
आता कथा महाराष्ट्रात येते. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांना देशातच मोटार बनवायची होती. ब्रिटिश सरकारचा पाठिंबा मिळत नव्हता, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. आरंभी अमेरिकन मोटारी आणि ट्रक यांची जुळणी होत असे. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य होऊन फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली.

११.
स्वतंत्र भारताच्या धोरणाने या गाडीचे आयुष्य लांबवले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर निव्वळ जुळणी करणाऱ्यांना येथे स्थान उरले नाही, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रवासी मोटारींच्या बाजारात प्रामुख्याने हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढेच राहिले. इटलीत १९६२ साली आलेली ११०० डी येथे १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे तेच इंजिन २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत धावत राहिले.

१२.
अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ही कुंठितावस्था म्हणून नोंदली जाते आणि ते योग्यही आहे. गिऱ्हाइकाला पर्याय नव्हता आणि वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. पण या कुंठिततेचा एक परिणाम क्वचितच नोंदला गेला. यंत्र बदलले नाही, म्हणून त्याचे ज्ञान साचत गेले. उस्तादाने १९६५ मध्ये शिकलेली गोष्ट १९९५ मध्ये हाताखालच्या पोराला जशीच्या तशी देता येत होती. ‘मिसिंग’, ‘ओव्हरफ्लो’, ‘कचरा आला’, ‘हवा घेतेय’, ‘प्लग शॉर्ट झाला’ असा या ज्ञानाचा स्वतःचा शब्दकोश घडला. त्याची क्रमिक पुस्तके निघाली नाहीत. तो गॅरेजच्या दारात बोलला जाई.

१३.
ही विद्या प्रत्यक्षात कशी चाले, ते क्रमाने पाहू. पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो का? किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारायचा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढून विजेची वाट अडली आहे. गरम पाणी, घासणे, आवळणे, एवढ्यानेच अनेक गाड्या सुरू होत. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ मुकाच असला, तर बॅटरी निर्दोष, दोष स्विचमध्ये, तारेत किंवा सेल्फमध्येच. दिव्यांचा उपयोग येथे उजेडासाठी नव्हता, मापकासाठी होता.

१४.
दुसरा प्रश्न : सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही, तेव्हा काय? येथे विद्येचे खरे सौंदर्य दिसते. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरला जाणारी मधली तार काढायची आणि तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोड्या अंतरावर धरून सेल्फ मारायचा. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष, पुढे कॅप, रोटर, प्लग किंवा पेट्रोल पाहायचे. ठिणगी पिवळट, मरगळलेली असेल किंवा पडतच नसेल, तर दोष अलीकडे. एका कृतीत संशयितांची यादी निम्मी होते. अभियांत्रिकीत या पद्धतीला मोठी नावे आहेत. फूटपाथवर ती पक्कड आणि तार घेऊन चालत होती.

१५.
मुंबईचा पाऊस हा या तपासातील कायमचा साक्षीदार. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमट हवा शिरली की आतून पाण्याची पुसट साय धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या ओलाव्यावरून वाट काढते. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसणे हाच इलाज. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपर फिरवून फिलर गेजने फट लावायची. ते वरचेवर जळत असतील, तर पॉइंटना दोष न देता कंडेन्सर बदलायचा. लक्षण एका भागात आणि कारण शेजारच्या भागात, हा भेद ओळखणारा तो उस्ताद.

१६.
ठिणगी ठीक असेल तर पाळी पेट्रोलची. पद्मिनीचा पंप इंजिनावरच बसवलेला, कॅमशाफ्टच्या रेट्याने पडदा हलवून पेट्रोल ओढणारा. पडदा फाटला की पुरवठा बंद. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होई, पंप वाफच दाबत राही आणि गाडी भर रस्त्यात थांबे. पंपावर ओले फडके टाकून काही वेळ थांबायचे, हा उपाय भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही चुकीचा ठरला नसता. उलट बाजूने, सकाळी चोक ओढून वारंवार सेल्फ मारला की प्लग पेट्रोलने भिजत. ही ‘ओव्हरफ्लो’. अशा वेळी चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि इंजिनाला हवा घेऊ द्यायची.

१७.
काही दोष वेळ पाहून येत. थंड असताना झटक्यात सुरू होणारी गाडी तासाभराने बंद पडते, अर्धा तास उभी राहिली की पुन्हा सुरू होते. येथे वाफेचा संशय आणि कॉइलचा संशय यांची लक्षणे एकसारखी. कॉइलच्या आतील आवरण तापल्यावर दगा देते आणि निवल्यावर सावरते. निवाडा एकाच क्षणी होऊ शकतो : गाडी बंद पडताच ठिणगी पाहायची. ठिणगी असेल तर पेट्रोल, नसेल तर कॉइल. गाडी निवल्यानंतर गॅरेजमध्ये नेली तर पुरावा नाहीसा झालेला असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व अपरिचित वाटू नये.

१८.
आता दुसरी व्याधी : इंजिन सुरू आहे, पण उभ्या गाडीत थरथरते. उभ्या गाडीच्या या संथ गतीला मेकॅनिक ‘स्लो’ म्हणतात. इंजिन तेव्हा मिनिटाला सुमारे आठशे फेरे घेत असते, म्हणजे चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला सोळाशे स्फोट. वेगात असताना एखादा स्फोट हुकला तरी जड फ्लायव्हीलचा रेटा तो झाकून टाकतो. स्लोवर झाकायला काही नसते. हवा अगदी थोडी, पेट्रोल थोडे, जोर थोडा. म्हणून इंजिनाची खरी प्रकृती पाहायची तर ती धावताना नव्हे, उभे असताना, हा नियम झाला.

१९.
चारपैकी कोणता सिलिंडर झोपला आहे, हे शोधण्याची रीत अशी. इंजिन चालू ठेवून, मूठ नीट झाकलेल्या पकडीने एकेका प्लगची तार क्षणभर काढायची आणि ऐकायचे. तार काढल्यावर इंजिनाचा सूर पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. तार काढूनही सूर तसाच राहिला, तर दोषी तोच. जो गेल्याने काही फरक पडत नाही, तो आधीपासूनच गैरहजर होता. या परीक्षेला ना वीजमापक लागतो ना कागद. लागतो तो सुरांतील सूक्ष्म फरक पकडणारा कान.

२०.
मग त्या सिलिंडरचा प्लग काढून वाचायचा. होय, मेकॅनिक प्लग ‘वाचत’ असत. फिका तपकिरी रंग म्हणजे प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑइल वर येते आहे, रिंगा किंवा झडपांच्या दांड्याभोवतालची बुशिंग झिजली. पांढराफटक म्हणजे मिश्रण फार पातळ किंवा प्लग फार तापतो. चार प्लग शेजारी शेजारी मांडले की इंजिनाच्या मागील काही महिन्यांचा दप्तरखाना समोर उघडे.

२१.
थरथर चारही सिलिंडरांची असेल तर संशय कार्बुरेटरवर किंवा हवेच्या गळतीवर. यांतील भेदही तर्कानेच होई. पाय काढताच गाडी बंद पडते, पण वेगात छान धावते, तर स्लोचा बारीक जेट कचऱ्याने बुजला आहे. वेगात पेट्रोल मोठ्या जेटमधून येत असल्याने तेथे तक्रार नसते. दुसरी शक्यता, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे. हीदेखील वेग वाढला की लपते, कारण आत जाणाऱ्या एकूण हवेत त्या चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो. म्हणून जेट फुंकून साफ केल्यावरही थरथर राहिली, तर गॅस्केट पाहायचे.

२२.
ठिणगी, पेट्रोल, हवा सगळे ठीक असूनही एक सिलिंडर झोपलेलाच असेल, तर प्रश्न कॉम्प्रेशनचा. मापक नसला तर प्लगच्या भोकावर बोट दाबून सेल्फ मारायचा. दाब बोट उडवून लावतो की नाही, ते पाहायचे. मग भोकातून थोडे ऑइल सोडून पुन्हा तीच परीक्षा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. न वाढला तर झडप किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले असतील, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळले. हँडलच्या काळात मनगटाने जे कळे, तेच आता बोटाने.

२३.
मात्र या विद्येचा केवळ गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही. कानाला गोड वाटणारे इंजिन नेहमी निर्दोष नसते. पेट्रोल किंचित जास्त सोडले की स्लो मऊ लागतो, थरथर लपते, गिऱ्हाईक खूश होते. पण त्या जादा पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड सिग्नलवर उभ्या माणसांच्या छातीत जातो आणि तो कानाला ऐकू येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चारचाकी पेट्रोल गाड्यांना स्लोवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि पीयूसीचे यंत्र प्रथमच मेकॅनिकच्या कानाला आव्हान देऊ लागले. कानाला मर्यादा होती, हे या कथेत लिहिलेच पाहिजे.

२४.
शतकाच्या वळणावर इंधनच बदलले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. लोकांच्या आरोग्यासाठी हा निर्णय अत्यावश्यक होता. पण शिशाचा थर जुन्या इंजिनांत झडपांच्या बैठकीला अस्तरासारखा वाचवत असे. तो गेल्यावर मऊ बैठकी झिजून झडप आत धसू शकते, टॅपेटची फट संपते, झडप पुरती बसत नाही आणि सकाळी गाडी उचलत नाही. त्याच सुमारास प्रदूषणाविषयीच्या न्यायालयीन आदेशांनी मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. गॅसचे मिश्रण पेटवायला ठिणगी अधिक जोरकस लागते. पेट्रोलवर निभावून नेणारी अशक्त कॉइल गॅसवर लगेच उघडी पडे. जुन्या विद्येला नव्या इंधनाचे धडे पुन्हा गिरवावे लागले.

२५.
दरम्यान दूर कॅलिफोर्नियात निदानाचे काम खुद्द गाडीकडेच सोपवले जात होते. धुक्यासारख्या प्रदूषणाने त्रस्त असलेल्या त्या राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीतच दोष ओळखणारी यंत्रणा, ओबीडी, बंधनकारक केली. १९९६ पासून तिची सुधारित आवृत्ती संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. भारतात २००० च्या आसपास कार्बुरेटर जाऊन इंधन-इंजेक्शन आले आणि भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० पासून ओबीडीही आले. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागू लागला.

२६.
हा संगणक हुकलेला स्फोट कसा ओळखतो? क्रँकशाफ्टवरील दातेरी चाकाशेजारी एक सेन्सर असतो. प्रत्येक स्फोटाने चाकाला किंचित गती मिळते. एखादा स्फोट हुकला की त्या क्षणी चाक किंचित रेंगाळते. कोणत्या सिलिंडरच्या पाळीला ते रेंगाळले, हे मोजून संगणक संकेतांक नोंदवतो : पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०४ म्हणजे चौथा. तार काढून ‘सूर पडतो का’ हे ऐकणाऱ्या मेकॅनिकची परीक्षा ती हीच. कानाची जागा सेन्सरने घेतली, तर्क तोच राहिला. नवे यंत्र जुन्या विद्येला खोडून काढत नाही, तिचाच एक भाग आपल्या पोटात घेते.

२७.
एकच भाग, हे महत्त्वाचे. पी०३०१ हा संकेतांक पहिला सिलिंडर हुकतो आहे एवढेच सांगतो. प्लग, कॉइल, इंजेक्टर की जळलेली झडप, हे सांगत नाही. ते शोधायला पुन्हा तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने. शिवाय नवी गाडी स्लो स्वतःच सावरते, पेट्रोल कमी-जास्त करून घेते. त्यामुळे जो बिघाड पद्मिनीत पहिल्या आठवड्यात थरथरून बोलला असता, तो येथे महिनोन्महिने झाकलेला राहू शकतो. लक्षण दडवण्यातही यंत्र तरबेज झाले.

२८.
येथे प्रश्न तंत्रज्ञानाचा न राहता सत्तेचा होतो. कान कोणालाही कमावता येत होता. संकेतांक वाचणारे उपकरण, त्याची आज्ञावली आणि दुरुस्तीची पुस्तिका मात्र कोणाच्या तरी मालकीची असते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदान-उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाही, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण बिघाड ओळखण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी सरकारी दप्तरात दाखल झाला.

२९.
बर्था बेंझ यांच्या पिनेपासून या आदेशापर्यंतचा प्रवास एका वाक्यात मांडता येतो. ज्ञान आधी चालकाच्या हातात होते, मग ते मेकॅनिकच्या कानात गेले आणि आता ते उत्पादकाच्या संगणकात आहे. प्रत्येक टप्प्यावर काही मिळाले : न मोडणारे मनगट, शिशाविना हवा, कमी धूर. प्रत्येक टप्प्यावर माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये एक दारही वाढले. त्यांतील कोणतेही दार अपरिहार्य नव्हते. कायदा, बाजार आणि धोरण यांनी मिळून ती बसवली.

३०.
संग्राहकांकडे पद्मिनी आजही आहेत आणि त्यांच्यापुढे नवा प्रश्न उभा आहे : २०२३ पासून पसरत गेलेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, जुना कार्बुरेटर ते आपोआप सावरू शकत नाही आणि पंपातील जुन्या रबरी पडद्यालाही ते मानवत नाही. याचे निदान करणारे हात मुंबई-पुण्याच्या जुन्या गॅरेजांत अजून आहेत, बहुतेकांचे केस पिकलेले. त्यांनी काही लिहून ठेवलेले नाही. गडांचे शिलालेख आणि पेशवे दप्तराचे रुमाल वाचायला उत्सुक असणाऱ्या तरुणांनी एखादी दुपार वही आणि रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे घालवली, तर विसाव्या शतकातील महाराष्ट्राचे एक अस्सल साधन कागदावर येईल. पहिला प्रश्न काय विचारायचा, हे ठरलेले आहे : “सेल्फ फिरतोय, पण गाडी उचलत नाही. आधी काय बघायचं?”